शुक्रवारी धुतलेले पाय

आमच्या मालकांना एक जानेवारीला 'हॅपी न्यू इयर' म्हणणारा माणूस दुसऱ्या वर्षी त्या भानगडीत पडत नसे. मी पडले, कारण आम्ही नवीन होतो.

"कुठलं न्यू इयर?" त्यांनी विचारलं. एका हातात दुधाची पिशवी, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट आणि खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा.

"म्हणजे... आज एक तारीख ना, मालक."

"एक तारीख दर महिन्याला येते. आमचं वर्ष आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू झालं. नाताळच्या आधी चार रविवार. तुम्ही महिनाभर उशिरा आलात. आज मरियमचा सण आहे, देवाच्या आईचा. त्याच्या शुभेच्छा द्यायच्या तर द्या."

मी दिल्या. त्यांनी त्या स्वीकारल्या आणि जाताजाता माझा 'मरियम'चा उच्चार सुधारून दिला.

काळाचौकीची आमची चाळ पुनर्विकासासाठी पाडली, तेव्हा बिल्डरने दोन वर्षांत टॉवर देतो असं सांगितलं होतं. बिल्डरच्या दोन वर्षांवर विश्वास ठेवून आई आणि मी गिरगावातल्या एका वाडीत भाड्याने आलो. बाबा त्याआधीच गेले होते. दुमजली लाकडी घर, बाहेरून जिना, जिन्याच्या कठड्यावर कुंड्या. वरच्या मजल्यावर पुढे मालक आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. मालक लग्नाच्या वाटेला गेलेले नव्हते. बंदरातल्या कुठल्याशा कंपनीत त्यांनी उभा जन्म लोकांच्या मालाची कागदपत्रं तपासण्यात घालवला होता, आणि निवृत्त झाल्यावर तपासायला कागद उरले नाहीत म्हणून ते माणसं तपासत. वाडीतली पिढ्यानपिढ्यांची ख्रिस्ती माणसं ती. मराठी आमच्याइतकंच बोलायचे. मालक जरा जास्तच, कारण समोरच्याला संधी देत नसत.

खालच्या मजल्यावर त्यांचे धाकटे भाऊ राहायचे. त्यांची बायको वारलेली, मुलगी कॅनडात. आई वरच्यांना 'मालक' म्हणायची आणि खालच्यांना 'खालचे मालक'. दोघे मालक एकमेकांशी बोलत नसत. एकच जिना, एकच नळ, रविवारच्या मिस्साला, म्हणजे उपासनेला, एकच चर्च आणि एकच बाक. बाकाच्या एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला ते. मध्ये बसणाऱ्याचं काय होत असेल ते त्यालाच ठाऊक.

भांडणाचं कारण आईनेच हळूहळू बाहेर काढलं. दोघांची आई आगमनकाळात गेली, नाताळ तोंडावर असताना. जाताना म्हणाली म्हणे, 'माझ्यासाठी घरातला तारा बंद ठेवू नका.' धाकट्याने दारावर नाताळचा तारा लावला. थोरल्याचं म्हणणं, घरात दुखवटा असताना दारावर दिवे लावायचे नसतात, आणि आई ते म्हणाली तेव्हा खोलीत धाकटा एकटाच होता. म्हणजे साक्षीदार नाही. जन्मभर कागदपत्रं तपासलेल्या माणसाला साक्षीदार नसलेली आई मान्य होण्यासारखी नव्हती.

मग घराची वाटणी झाली, आणि घराबरोबर नाताळच्या गोठ्याचीही. त्यांच्या आईच्या माहेरून आलेली मातीची जुनी चित्रं होती ती. वाटणीत वरच्यांकडे जोसेफ, तीन राजे, गाढव आणि मेंढ्या आल्या. खालच्यांकडे मरियम, बाळ येशू, गाय आणि देवदूत. त्यामुळे नाताळात आमच्या घरी दोन गोठे लागत. वरच्या गोठ्यात जोसेफ रिकाम्या गवताकडे बघत उभा, तीन राजे एवढ्या लांबून भेटी घेऊन आलेले आणि बाळाचा पत्ता नाही. खाली मरियम बाळाला घेऊन एकटी. वाडीतली पोरं वर येऊन विचारायची, "अंकल, बाळ कुठाय?" मालक शांतपणे सांगायचे, "खाली आहे." मग पोरं खाली जाऊन विचारायची, "अंकल, बाळाचे बाबा कुठायत?"

पहिल्या नाताळात आईला ते बघवेना. ती भुलेश्वरहून एक इवलीशी बाहुली घेऊन आली आणि मालकांच्या गवतात ठेवून मोकळी झाली.

"वहिनी, हे बाळ डोळे मिटतं," मालक म्हणाले.

"मगे? न्हान पोर झोपताच."

"आणि याच्या पाठीला बटण आहे."

त्यांनी बाहुली परत दिली. त्यांच्या आईच्या सेटमध्ये बाजारातलं मिसळायचं नाही, असा नियम होता. सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, त्यांनी राजे पुढे सरकवून गवताजवळ आणले. त्या दिवशी ताऱ्याच्या मागून चालत ते शहाणे लोक बाळापाशी पोचले आणि देव फक्त घरच्यांचा नाही, परक्यांचाही आहे हे जगाला कळलं, असा त्या सणाचा अर्थ त्यांनी मला समजावून सांगितला. राजे रिकाम्या गवताला भेटी देत होते. मी मान डोलावली. आमचं अॅग्रीमेंट अकरा महिन्यांचं होतं.

अर्थ सांगणं हा मालकांचा मुख्य उद्योग. समोरच्याने विचारलं पाहिजे अशी अट नव्हती. एका पंधरा ऑगस्टला वाडीच्या मंडळाने त्यांना झेंडावंदनाला दोन शब्द बोलायला बोलावलं, ज्येष्ठ नागरिक म्हणून. पंधरा ऑगस्टला मरियमच्या स्वर्गारोहणाचाही सण असतो. मालक सकाळच्या मिस्साला जाऊन, सूट घालून आले आणि बोलायला लागले. मरियमला देवाने सदेह स्वर्गात कसं नेलं, आईचं शरीर मातीत जाऊ द्यायचं नाही असं मुलाला का वाटलं, आणि म्हणून आज दोन गोष्टी वर जातात, एक झेंडा आणि एक आपली आई. वाक्य चांगलं होतं. तिथे थांबले असते तर टाळ्याही पडल्या असत्या. मालक थांबले नाहीत. दोरी हातात धरून उभे असलेले पाहुणे आधी या पायावर, मग त्या पायावर झाले. शेवटी बँडवाल्या पोराने कंटाळून ड्रम वाजवला, तो इशारा समजून पाहुण्यांनी दोरी ओढली, आणि झेंडा मालकांच्या वाक्याच्या मधोमध फडकला. राष्ट्रगीत झाल्यावर मालकांनी वाक्य पुरं केलं.

पण त्यांचा खरा हंगाम गुड फ्रायडे. माझ्या परळच्या ऑफिसातून दरवर्षी सगळ्यांना 'हॅपी गुड फ्रायडे' असा मेसेज यायचा, खाली अंडी घेतलेला ससा. मी तो एकदा मालकांना दाखवण्याचा शहाणपणा केला. त्यांनी चष्मा लावून ससा नीट बघितला.

"हा ससा कोण?"

"ईस्टरचा असेल."

"म्हणजे प्रभू क्रुसावर आहे आणि हा दोन दिवस आधीच अंडी घेऊन उभा आहे. कुणी पाठवलं?"

"एचआरने."

"नंबर द्या त्यांचा."

मी दिला नाही. माझी नोकरी नवी होती. त्याच आठवड्यात नाक्यावर एका होतकरू कार्यकर्त्याचा फ्लेक्स लागला: 'समस्त ख्रिस्ती बांधवांना गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा'. हात जोडलेला, दात दिसतील असा हसरा फोटो. मालक तडक त्याच्या कचेरीत गेले. कार्यकर्ता चांगला मुलगा होता, त्याने खुर्ची दिली, चहा मागवला.

"तुमचे आजोबा आहेत?" मालकांनी विचारलं.

"नाही अंकल, गेले."

"त्यांच्या तेराव्याला मी यायचं आणि हार्दिक शुभेच्छा म्हणून केक द्यायचा. चालेल?"

"अंकल, पण कॅलेंडरमध्येच गुड लिहिलंय ना!"

यावर मालकांकडे उत्तर होतं, पण ते लांब होतं आणि त्या दिवशी त्यांचा उपास होता. फ्लेक्स मात्र संध्याकाळपर्यंत उतरला. दुसऱ्या वर्षी त्याच मुलाने फ्लेक्सवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं, खाली येशूचा फोटो. मालक त्याच्यासमोर जरा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "सुधारणा आहे."

आईला मात्र तो 'गुड' शब्द सुटत नव्हता. गुड फ्रायडेला मालकांच्या घरी फक्त पेज असायची, चर्चमधली घंटा बंद, वेदीवरचे कपडे काढलेले, मिस्साही नाही. आई दारात उभी राहिली.

"मालकानु, तुमचो देव ज्या दिसाक गेलो त्या दिसाक गुड कित्याक म्हणतत?"

"कारण तो आपल्यासाठी गेला, वहिनी. आपली पापं स्वतःच्या अंगावर घेतली. आपलं भलं झालं, म्हणून गुड."

"म्हणजे त्येचा वायट झाला, पण आपला काम झाला. म्हणान गुड."

मालकांनी पेजेचा चमचा खाली ठेवला. "वहिनी, असं नाही सांगत."

"मगे कसा सांगतत?"

"हेच सांगतात. पण इतकं थेट नाही."

गुड फ्रायडेच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ, म्हणजे लेंट, हा आम्हा भाडेकरूंसाठी वेगळा उपास होता. राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन मालक जिना चढले की आम्ही सावध व्हायचो. ती राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांची असते. झावळ्यांच्या रविवारी ज्या हातात धरून जयजयकार करायचा, त्याच जाळून पुढच्या वर्षी कपाळाला लावायच्या. "कौतुकाचं काय होतं, ते कळावं म्हणून," मालक म्हणायचे. या काळात माणसाने आपली एक आवडती गोष्ट सोडायची असते. मालक दरवर्षी काहीतरी सोडायचे, आणि ते सोडल्याचा त्रास दुसऱ्यालाच व्हायचा.

एका वर्षी त्यांनी चहा सोडला. आठवडाभर डोकं दुखत होतं, त्यांचं आणि त्यांच्यामुळे सगळ्या वाडीचं. दुसऱ्या वर्षी पेपर वाचणं सोडलं. मग रोज सकाळी आमच्याकडे येऊन बसायचे आणि मला मोठ्याने वाचायला लावायचे. "वाचणं सोडलंय, ऐकणं नाही." तिसऱ्या वर्षी राग सोडला. ते सर्वांत भयंकर. दूधवाल्याने नासलं दूध दिलं तर हसायचे, नळ गळला तर हसायचे. चाळीस दिवस ते हसणं बघून दूधवाल्याने लाइनच बदलली.

त्यानंतरच्या वर्षी राखेच्या बुधवारी आईने त्यांना जिन्यातच गाठलं.

"यंदा काय सोडतल्यात?"

"अजून ठरलं नाही. मासे म्हणतोय."

"मी सांगू? खालच्यांशी न बोलना सोडा."

मालकांचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला. "वहिनी, त्याग आवडत्या गोष्टीचा करायचा असतो."

"मगे ह्याच तर तुमका सगळ्यात आवडता," आई म्हणाली आणि बादली घेऊन खाली गेली.

बादली घेऊन खाली जाण्याचं कारण होतं. खालच्या मालकांना शुगर. पायाला कसली तरी जखम झाली ती त्यांना कळलीच नाही, कारण पावलांना संवेदना नव्हती. कळलं तेव्हा वास येत होता. डॉक्टरांनी रोज धुवून पट्टी करायला सांगितली. मुलीने कॅनडातून फोनवर नर्स ठरवली, ती चार दिवस आली आणि पाचव्या दिवशी तिला दुसरं घर मिळालं. मग आई जायला लागली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. बाबांचा पाय असाच गेला होता, त्यामुळे त्या वासाची ओळख होती तिला. मी एकदा म्हटलं, "अगं आई, त्यांचा सख्खा भाऊ वर बसलाय." ती म्हणाली, "बसलो तर बसलो. पाय तर खाली आसा."

वरच्या मालकांना हे सगळं माहीत होतं. डेटॉलचा वास जिन्यापर्यंत यायचा. ते जाता-येता खालच्या दारासमोरून नाकासमोर बघत जायचे. त्यांनी अखेर मासेच सोडले होते.

पवित्र गुरुवार आला. त्या वर्षी फादर ज्या बारा जणांचे पाय धुणार होते त्यांत मालकांचं नाव होतं. ही गोष्ट त्यांनी आम्हाला निदान रोज एकदा तरी सांगितली. दुपारी ते चर्नी रोडच्या सलूनमध्ये जाऊन पाय करून आले. पेडिक्युअर. नखं कापलेली, टाचा घासलेल्या, वर पावडर आणि नवे कोरे मोजे. संध्याकाळी मला म्हणाले, "चला बघायला. काहीतरी शिकाल." मी निघाले. ऑफिसला सुट्टी नव्हती, पण मी लवकर आले होते. आता वाटतं, शिकायची खरीच इच्छा असावी.

आम्ही जिना उतरलो तेव्हा आई खालच्या दारातून घमेलं घेऊन बाहेर येत होती. घमेल्यात गढूळ पाणी, त्यात कापूस.

"खंय चललात एवढे नटान?"

मालक खुलले. अर्थ सांगायची संधी. "आज पवित्र गुरुवार, वहिनी. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री प्रभू शिष्यांबरोबर शेवटचं जेवला. जेवताना उठला, कमरेला टॉवेल गुंडाळला आणि सगळ्यांचे पाय धुतले. गुरूने शिष्यांचे. म्हणून आज फादर बारा जणांचे धुतात. मी बारांत आहे."

"धुणाऱ्यांत?"

"नाही, धुवून घेणाऱ्यांत."

आईने त्यांच्या बुटांकडे बघितलं. "तुमचे तर धुतलेलेच दिसतत."

"सलूनमध्ये जाऊन आलो. फादरसमोर घाण पाय कसे ठेवायचे?"

"मगे त्येंनी धुवूचा काय?" आई म्हणाली. तिने घमेलं जरा पुढे केलं. "ह्या तुमच्या भावाच्या पायाचा पाणी. थंयसर बारा जण आसत धुवून घेवक. हयसर एक आसा."

ती मोरीकडे गेली. मालक वाडीच्या तोंडापर्यंत गप्प चालले. मग मात्र त्यांनी मला पीटरची गोष्ट सांगितली, कारण दोन मिनिटांपेक्षा जास्त गप्प राहणं त्यांना मानवत नसे. पीटर म्हणाला, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. प्रभू म्हणाला, मग तुझा माझा काही संबंध नाही. गोष्ट नेहमीसारखी रंगवली नाही. मध्येच थांबले, आणि पुढचं मीच विचारलं.

चर्च गच्च भरलं होतं. वेदीपुढे बारा खुर्च्या मांडलेल्या. मालक चौथ्या खुर्चीवर. फादर तरुण होते. झगा आवरून, टॉवेल बांधून एकेकासमोर गुडघ्यावर बसत होते. पुढच्या रांगेतली मंडळी मोबाइलवर फोटो काढत होती. तिसऱ्या माणसाचा पाय पुसून फादर सरकले. मालकांनी मोजा काढला होता. फादरनी हात पुढे केला आणि मालकांनी पाय मागे घेतला.

"माझे नकोत, फादर."

फादर कौतुकाने हसले. त्यांना वाटलं, हे ज्येष्ठ गृहस्थ प्रसंगात रंग भरतायत. हळूच म्हणाले, "अंकल, पीटरही हेच म्हणाला होता."

"पीटर सलूनमध्ये जाऊन आला नव्हता," मालक म्हणाले. ते उठले. एक मोजा पायात, एक हातात, बूट काखेत, असे मधल्या वाटेने चालत बाहेर पडले. लोकांना वाटलं बरं नाही. दोघीतिघी पाणी घेऊन धावल्या. मी त्यांच्या मागे.

घरी आलो तर खालचं दार उघडं होतं. आई पट्टीचं सामान डब्यात भरत होती. खालचे मालक खिडकीपाशी खुर्चीत, पांढरीशुभ्र पट्टी बांधलेला पाय स्टुलावर. मालक उंबऱ्यावर थांबले. कित्येक वर्षांत त्या उंबऱ्यापर्यंत आले नव्हते.

"कुठाय पाणी?" त्यांनी आईला विचारलं.

"आजचा झाला. पट्टी बांधलंय. परत सोडूची नाय. उद्या सकाळी येवा."

"उद्या?"

"उद्या."

"उद्या गुड फ्रायडे आहे. पाय धुवायचा दिवस आज आहे!"

"पायाक कुठचो वार ता कळना नाय," आईने डब्याचं झाकण लावलं.

खालचे मालक खिडकीबाहेर बघत होते. मालक वर गेले.

मला वाटलं होतं, रात्रीत विचार बदलेल. तारखेच्या बाबतीत हा माणूस कुणाचं ऐकत नसे. पण सकाळी ते आले. जुना शर्ट, बाह्या वर केलेल्या, उपाशी. आईने पाटाजवळ घमेलं ठेवलं, कोमट पाणी ओतलं आणि पट्टी सोडवून बाजूला झाली. मी दारात होते.

मालकांनी पायाकडे बघितलं आणि त्यांचा हात जागच्या जागी राहिला. अंगठ्याशेजारची दोन बोटं काळी पडली होती. तळव्यावर नाण्याएवढं खोल भोक, कडा पांढऱ्या. पाय धुण्याच्या गोष्टीचा अर्थ मालकांनी आयुष्यात किती जणांना सांगितला असेल कोण जाणे, पण धुवायची खरी गरज असलेला पाय ते पहिल्यांदाच बघत होते. मला वाटलं, ते उठतील. ते उठले नाहीत. दोन्ही हातांनी पाय उचलून त्यांनी पाण्यात घेतला.

"पाणी गरम आहे," खालचे मालक म्हणाले. इतक्या वर्षांनंतरचं ते पहिलं वाक्य.

"तुला कळतंय का गरम? संवेदना नाही म्हणतात ना?"

"घोट्याला कळतंय."

"मग घोटा बाहेर ठेव."

मालक फार वाईट धूत होते. कापूस कुठे दाबायचा, कुठे नाही, हे आईला मधूनमधून सांगावं लागत होतं.

"आज पाय धुवायचा दिवस नाही," खालचे मालक म्हणाले. "काल असतो."

"माहीत आहे."

"आज क्रुसाचा दिवस."

"मला शिकवू नकोस. तुला मीच शिकवलंय हे."

मी आईकडे बघितलं. ती छताकडे बघत होती. दोघे अगदी एकसारखे निघाले होते, आणि तो शोध तिला फारसा सुखाचा वाटत नसावा.

मालकांनी पाय टॉवेलवर घेतला आणि टिपायला लागले. तेवढ्यात खुर्चीतून खालचे मालक म्हणाले, "ती खरंच म्हणाली होती."

"कोण?"

"आई. तारा बंद ठेवू नका म्हणून."

मालकांचं टिपणं थांबलं. मान खालीच होती, त्यामुळे चेहरा दिसला नाही. मग ते म्हणाले, "दुसरा पाय दे."

"दुसऱ्याला काही झालेलं नाही."

"दे म्हटलं ना."

त्यांनी दुसराही धुतला. त्याला वेळ जास्त लागला.

ही गोष्ट इथे संपवली असती तर मलाही बरं वाटलं असतं. पण मालक दुसऱ्या दिवसापासून रोज खाली जायला लागले आणि वाडीची शांतता कायमची गेली. इतक्या वर्षांचं साठलेलं दोघे रोज सकाळी मोठमोठ्याने बोलून काढायचे. ईस्टरला मालकांनी भावासाठी मार्झिपानचं अंडं आणलं, शुगरच्या माणसाला, आणि वर त्याचा अर्थ सांगितला: अंडं म्हणजे कबर, ती फोडून नवा जीव बाहेर येतो. खालच्यांनी अर्ध्याहून जास्त कबर खाऊन टाकली. आईने दोघांना एकदमच झापलं. समोरच्या घरातले म्हणाले, "आधी बोलत नव्हते ते काय वाईट होतं?"

एकदा मालकांनी सहज म्हटल्यासारखं केलं, "यंदा गोठा एकच लावू."

"पाय धुतलेस म्हणून लगेच मरियम देऊ?" खालचे म्हणाले. "नाताळला बघू."

नाताळ त्यांनी बघितला नाही. जुलैत जखम चिघळली, आधी बोटं गेली, मग गुडघ्याखालचा पाय, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला हॉस्पिटलातच ते वारले. शेवटच्या दिवसांत मालक तिथेच असायचे. मुलगी कॅनडाहून आली, थोडे दिवस राहिली आणि जाताना आठवण म्हणून आजीची मरियम आणि बाळ तिने मागून घेतलं. आई मला म्हणाली, आता मालक आकांत करतील. मालकांनी आपला जुना स्वेटर काढला, त्यात दोन्ही चित्रं गुंडाळली आणि पुतणीच्या हँडबॅगेत स्वतः ठेवली. "तुझ्या बापाच्या वाटणीची आहेत," एवढंच बोलले. वर सुरक्षा तपासणीत काय सांगायचं तेही शिकवलं.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, ते शिवडीच्या कबरस्तानात निघाले. आम्हालाही चला म्हणाले. आईला तो दिवस ठाऊक होता. आधीच्या एका वर्षी ती त्याला 'तुमची सर्वपित्री' म्हणाली होती आणि मालकांनी तिला अर्धा तास फरक समजावला होता. तुमचे पितर जेवायला येतात, आमचे मध्येच अडकलेले असतात, त्यांना पुढे जाता यावं म्हणून मागे राहिलेल्यांनी प्रार्थना करायची, जेवणाचा संबंध नाही, वगैरे. या वेळी ती तसं काही म्हणाली नाही. पण झेंडूची फुलं आणि सुक्या बोंबलाची चटणी घातलेला एक डबा पिशवीत घेऊन आली.

कबरस्तानात जत्रेसारखी गर्दी. मेणबत्त्या, फुलं, फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडत फिरतायत. मालकांनी आधी आईवडिलांच्या कबरीवर मेणबत्त्या लावल्या. मग भावाच्या. माती अजून बसली नव्हती, दगडही लागला नव्हता. त्यांनी प्रार्थना केली. कुणाला काही समजावून सांगितलं नाही. आईने फुलं ठेवली आणि डबा हातात घेऊन घुटमळली.

"काय आहे त्यात?" मालकांनी विचारलं.

"काय नाय. घरचाच."

मला वाटलं आता फरक सुरू होणार. मालकांनी डब्याकडे बघितलं, कबरीकडे बघितलं. मग आईकडे वळून, मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "वहिनी, त्याला काय आवडायचं हो?"

आईने जरा विचार केला.

"रविवारी तुमी वर ते मैद्याचे फुगे तळत ना, त्येचो वास आवडायचो त्येंका. वास इलो की खिडकी उघडूक सांगत. मगे जेवत."

"मला कधी सांगितलं नाही."

"माका सांगितल्यानी."

मालक खाली बसले. मातीवरचं एक वाळकं पान उचलून त्यांनी बाजूला टाकलं.

"काय जेवायचा?" त्यांनी विचारलं.

"डाळभात," आई म्हणाली. आणि मग ती त्यांच्या शेजारी मातीत बसली आणि डबा उघडून, खालच्या मालकांना आणखी काय काय आवडायचं ते एकेक सांगायला लागली.